परकर, दावणी, साडी : ‘बेबी श्रीदेवी’ नायिका कशी झाली

१९७२ साली ‘बडि पंतुलु’ या तेलुगू चित्रपटात एन. टी. रामाराव यांच्या नातीचे काम एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीने केले. १९७९ साली ‘वेटगाडु’मध्ये तीच मुलगी त्यांची नायिका होती. रामारावांचा जन्म २८ मे १९२३ चा, श्रीदेवीचा १३ ऑगस्ट १९६३ चा. दोघांत चाळीस वर्षांचे अंतर, आणि नात ते नायिका या प्रवासाला लागली फक्त सात वर्षे.

ही गोष्ट बहुतेक वेळा नवल म्हणून सांगतात आणि तिथेच सोडून देतात. बालकलाकार म्हणून नाव कमावलेल्या मुलींपैकी मोजक्याच पुढे मुख्य भूमिकांपर्यंत पोचतात. श्रीदेवी कशी पोचली हे मात्र चित्रपटागणिक तपासता येते : भूमिका कोणती, भाषा कोणती, अंगावर काय होते, आवाज कोणाचा होता. १९६७ ते १९८३ एवढा पट्टा नीट पाहिला की एक गोष्ट ठळक दिसते. बहुतेक बालकलाकारांच्या वाट्याला येणारी मधली रिकामी वर्षे तिच्या आयुष्यात आलीच नाहीत. तिचे यश त्यातून आले, आणि तिला मोजावी लागलेली किंमतही त्यातूनच आली.

पहिली नऊ वर्षे

श्रीदेवीचा जन्म तामिळनाडूत, शिवकाशीजवळच्या मीनमपट्टीचा. चौथ्या वर्षी ‘कंदन करुणै’मध्ये (१९६७) ती पडद्यावर आली. १९६९ च्या ‘तुणैवन’मध्ये ती बालमुरुगन, म्हणजे लहानपणीचा कार्तिकेय होती, १९७१ च्या ‘आदि पराशक्ती’तही मुरुगनच. मुलीला मुरुगन का करतात, असा प्रश्न पडेल. पाच-सहा वर्षांपर्यंत मुलगा की मुलगी हे चेहऱ्यावरून कॅमेऱ्याला कळत नाही. दिग्दर्शकाला हवे असतात मोठे डोळे, भरलेले गाल, आणि मुकुट-दागिने चढवून दिव्यांच्या उष्णतेत न रडता बसणारे मूल. असे मूल मिळाले की ते मुलगा आहे की मुलगी याची फिकीर कोणी करत नाही. हिंदीत डेझी इराणीने मुलांची कामे केली, सारिका तर ‘मास्टर सूरज’ या नावाने काम करत होती.

या देवाच्या भूमिकांचा एक फायदा सहसा लक्षात घेतला जात नाही. प्रेक्षकाच्या मनात ठसला तो मुरुगन. मुकुट उतरवल्यावरची मुलगी कशी दिसते, हे त्याच्या डोळ्यांसमोर तितके पक्के बसले नाही. पुढे हीच मुलगी साडी नेसून समोर आली, तेव्हा पुसून टाकायला जुनी प्रतिमा त्या मानाने कमी होती.

दुसरा फायदा शहराचा. त्या काळी तमिळ, तेलुगू, मल्याळम आणि कन्नड या चारही भाषांतले पुष्कळ चित्रपट मद्रासच्या स्टुडिओंत तयार होत. एव्हीएम, विजया-वाहिनी असे मोठमोठे फ्लोअर कोडंबाक्कम-वडपळणी भागात एकमेकांपासून जवळच. म्हणजे बिऱ्हाड न हलवता एका मुलीला चार भाषांत काम मिळू शकत होते. मल्याळममधल्या ‘पूंपाट्टा’साठी (१९७१) तिला केरळ राज्याचा सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला. तेलुगूत ‘बडि पंतुलु’ झाला. कन्नडमध्ये ती १९७४ च्या ‘भक्त कुंबार’मध्ये होती, म्हणजे आपल्या गोरोबाकाकांवरच्या, कन्नड नट राजकुमार यांच्या चित्रपटात. हिंदीत ‘रानी मेरा नाम’ (१९७२) आणि पुढे ‘ज्युली’त (१९७५) नायिकेची धाकटी बहीण.

नऊ वर्षे फ्लोअरवर काढलेल्या मुलाच्या अंगात काही गोष्टी अशा मुरतात, की विसाव्या वर्षी अभिनय शिकायला आलेल्याला त्या वर्षानुवर्षे जमत नाहीत. जमिनीवरच्या खुणेकडे न बघता तिच्यावर अचूक थांबणे. दिवा तोंडावर आला की नाही हे गालाला लागणाऱ्या उबेवरून ओळखणे. पहिल्या टेकला ज्या शब्दावर हात उचलला, त्याच शब्दावर सातव्या टेकलाही उचलणे, कारण तसे झाले नाही तर क्लोज-अप आणि लाँग शॉट संकलनात जुळत नाहीत. आणि अर्थ नीट कळत नसलेल्या भाषेतले वाक्य नुसते कानाने उचलून ओठांवर बसवणे. यातली शेवटची गोष्ट श्रीदेवीला हिंदीत किती उपयोगी पडली ते पुढे येईलच.

मधला खड्डा

साधारण अकराव्या ते सोळाव्या वर्षापर्यंत बालकलाकाराला काम मिळत नाही. कारण अगदी व्यवहारी आहे. या वयात मुली झपाट्याने वाढतात. जोर असतो तेव्हा वर्षाला सात-आठ सेंटिमीटर उंची सहज वाढते. चित्रीकरण सहा-आठ महिने तुकड्यातुकड्यांनी चालले, तर पहिल्या शेड्यूलची मुलगी आणि शेवटच्या शेड्यूलची मुलगी शेजारी-शेजारीच्या शॉटमध्ये वेगळ्या दिसतात. बाह्या आखूड होतात, जबडा लांबतो, सहकलाकाराच्या खांद्याशी असलेले डोके हनुवटीशी येते. त्यामुळे आठ वर्षांच्या भूमिकेसाठी लहानखुरी दहा वर्षांची मुलगी चालते, पण बारा वर्षांच्या भूमिकेसाठी बारा वर्षांची मुलगी घ्यायला निर्माते कचरतात. मुळात पटकथेत बारा-तेरा वर्षांच्या मुलीला महत्त्वाचे काम लिहिलेलेच क्वचित असते. तिला फ्रॉक घातला तर घोडी दिसते, साडी नेसवली तर बाहुली.

मुलग्यांच्या बाबतीत आवाज फुटतो आणि निर्णय आपोआप होतो, त्यांना थांबावेच लागते. कमल हासनला ‘कळत्तूर कण्णम्मा’साठी (१९६०) राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले होते, तरी पौगंडावस्थेत त्याला अभिनयातून बाजूला व्हावे लागले. त्या काळात तो नृत्य शिकला, नृत्यदिग्दर्शकाचा सहायक झाला आणि मग तरुण नट म्हणून परतला. त्याला मिळालेली ही रिकामी वर्षे श्रीदेवीला मिळाली नाहीत. मुलीचा चेहरा लवकर भरतो, आणि सिनेमाला सोळा वर्षांची नायिका नेहमीच हवी असते.

खड्ड्यात अडकलेल्या मुलीच्या घरी सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे तिला लहानच ठेवण्याचा आटापिटा. वय दोन वर्षांनी कमी सांगायचे, दोन वेण्या तशाच ठेवायच्या, नावामागचे ‘बेबी’ काढायचे नाही. त्याने आणखी दोन-तीन कामे मिळतातही. पण प्रेक्षकाच्या मनातला शिक्का त्याच कामांनी आणखी गडद होतो.

नाझचे उदाहरण इथेच घ्यायला हवे, कारण श्रीदेवीच्या गोष्टीत ती पुन्हा येणार आहे. ‘बूट पॉलिश’मधली (१९५४) बेबी नाझ ही हिंदी सिनेमातल्या सर्वोत्तम बालकलाकारांपैकी एक. १९५५ च्या कान महोत्सवात तिच्या कामाचा विशेष उल्लेख झाला. ती मोठी झाली ती त्याच भाषेत, त्याच प्रेक्षकासमोर. तिच्या वाट्याला पुढे बहिणीची, मैत्रिणीची कामे आली, ‘सच्चा झूठा’मधली (१९७०) नायकाची अपंग बहीण हे त्यातले लोकांना आठवणारे काम. यात तिची गुणवत्ता कुठेही कमी पडलेली दिसत नाही. रस्त्यावरच्या अनाथ मुलीबद्दल प्रेक्षकाला वाटलेली कणव इतकी खोल होती, की मोठेपणीही त्याला तिच्याबद्दल तीच वाटावी अशाच भूमिका तिला दिल्या गेल्या. मास्टर विनायकांची मुलगी नंदा हिचेही पहिल्या काही वर्षांत असेच झाले. ‘बेबी नंदा’ मोठी झाली ती ‘छोटी बहन’ (१९५९) होऊन, आणि ‘जब जब फूल खिले’च्या (१९६५) यशापर्यंत तिला बहिणीच्या प्रतिमेशी झगडावे लागले. नायिका होण्याआधी बहीण व्हायचे, हा बालकलाकार मुलीसाठी सर्वांत सोपा आणि सर्वांत धोक्याचा रस्ता आहे.

१९७६ आणि १९७७

के. बालचंदर यांचा ‘मूंड्रु मुडिच्चु’ २२ ऑक्टोबर १९७६ ला आला. श्रीदेवीला तेरा वर्षे पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. कमल हासन बाविशीला टेकलेला, रजनीकांत पंचविशीचा. कथेत दोन मित्र एकाच मुलीच्या प्रेमात असतात. नावेतून पाण्यात पडलेल्या मित्राला दुसरा जाणूनबुजून वाचवत नाही. पुढे ही मुलगी त्या दुसऱ्याच्या वडिलांशी लग्न करते आणि त्याची सावत्र आई म्हणून त्याच्याच घरात येते.

यातली मेख पाहण्यासारखी आहे. तेरा वर्षांच्या मुलीला ‘मोठी’ दाखवायला बालचंदरांनी प्रणयाचा आधार फारसा घेतला नाही, नात्याचा घेतला. जो तिला हवे तसे वागवू पाहत होता, त्याला आता तिला आई म्हणावे लागते. समोरचा पंचवीस वर्षांचा पुरुष तिच्यापुढे नजर खाली घालतो, म्हणून प्रेक्षकाला ती मोठी वाटते. वय दाखवण्याचे काम कथेतल्या स्थानाने केले आणि चेहऱ्यावरचा भार कमी झाला. सहा वर्षांनी हिंदीत पद्मिनी कोल्हापुरेच्या बाबतीत हेच दिसते. ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’मध्ये (१९७८) ती लहानपणीची रूपा होती, आणि ‘प्रेमरोग’मध्ये (१९८२) तिला एकदम प्रौढ केले ते विधवेच्या भूमिकेने. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला त्या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे फिल्मफेअर मिळाले.

पुढच्याच वर्षी, १५ सप्टेंबर १९७७ ला, भारतीराजा यांचा पहिला चित्रपट ‘१६ वयदिनिले’ प्रदर्शित झाला. मयिल ही खेड्यातली, शिकून शिक्षिका होण्याची स्वप्ने पाहणारी सोळा वर्षांची मुलगी. शहरातून आलेल्या जनावरांच्या डॉक्टरवर ती भाळते. घरात राबणारा, लंगडणारा चप्पाणी तिला माणूस वाटतच नाही. इथे भारतीराजांनी दुसरे साधन वापरले : पोशाख.

तमिळ घरांत मुलीचे वय कपड्यांवरून वाचता येते. लहानपणी परकर-पोलके, वयात आल्यावर त्यावर खांद्यावरून घेतलेली दावणी, आणि लग्नाच्या सुमारास साडी. दावणी म्हणजे नेमकी मधली अवस्था. बाकी सिनेमा ज्या वयाला कपडेच नाहीत म्हणून टाळतो, त्या वयासाठी तमिळ समाजाकडे तयार पोशाख होता. मयिल दावणीत आहे. प्रेक्षक तिच्याकडे पाहून ‘ही मुलगी की बाई’ असा घोळ घालत नाही, कारण दावणीनेच सांगितलेले असते की ही दोन्हींच्या मध्ये आहे. चौदा वर्षांच्या नटीने सोळा वर्षांची मुलगी करायची, म्हणजे अंतर दोनच वर्षांचे. ‘मूंड्रु मुडिच्चु’त ते बरेच जास्त होते.

भूमिकेचा आलेखही या वयाला बेतलेला होता. मयिल सुरुवातीला चुकते, माणसांना जोखण्यात चुकते, आणि त्याची शिक्षा भोगून शहाणी होते. चित्रपट सुरू होतो आणि संपतो तो रेल्वे स्टेशनवर चप्पाणीची वाट पाहणाऱ्या मयिलवर. मधल्या दोन-अडीच तासांत मोठे होणे हाच कथेचा विषय असल्यामुळे प्रेक्षकाने नटीला मोठी होताना पडद्यावरच पाहिले. थिएटरात शिरताना ‘बेबी श्रीदेवी’ मनात घेऊन आलेला माणूसही बाहेर पडताना मयिल घेऊन गेला. कोणत्याही जाहिरातीने हे काम इतके पक्के झाले नसते.

इथून दोन वर्षांत ती ‘वेटगाडु’पर्यंत पोचली. तेलुगू प्रेक्षकाने नात विसरून नायिका स्वीकारली, यात त्या काळच्या नायककेंद्री सिनेमाचाही मोठा वाटा आहे. नायक कायम राहायचा आणि नायिका बदलत्या असायच्या, त्यामुळे तिच्या आधीच्या भूमिकांचा हिशेब कोणी ठेवत नसे.

हिंदीतली पहिली आपटी

‘१६ वयदिनिले’ तेलुगूत ‘पदहारेळ्ळ वयसु’ (१९७८) झाला, श्रीदेवीलाच घेऊन, आणि चालला. मग भारतीराजांनी तो हिंदीत केला : ‘सोलवाँ सावन’ (१९७९), चप्पाणीच्या जागी अमोल पालेकर. दिग्दर्शक तोच, गोष्ट तीच, नायिका तीच. चित्रपट पडला.

मयिलमधले अर्धे काम दावणीने, गावाने आणि बोलीने केले होते. हिंदी प्रेक्षकाला दावणीची भाषा येत नव्हती. त्याच्यासाठी ती फक्त एक अनोळखी, अवघडून हिंदी बोलणारी मुलगी होती.

पण पुढचा निर्णय शिकण्यासारखा आहे. ती मुंबईत काम शोधत बसली नाही. दक्षिणेत तमिळ-तेलुगू कामे चालूच होती, ती तिथे परतली. १९८१ च्या ‘मीण्डुम कोकिला’साठी तिला तमिळमधले सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे फिल्मफेअर मिळाले. एका बाजारात आपटी खाल्लेली नटी दुसऱ्या बाजारात व्यस्त असेल, तर अपयशाचा वास तिला चिकटत नाही. चार वर्षांनी के. राघवेंद्र राव यांनी जितेंद्रबरोबर ‘हिम्मतवाला’ (१९८३) केला, तेव्हा हिंदी प्रेक्षकासमोर आली ती एकोणीस वर्षांची तयार नायिका. तिचे लहानपण या प्रेक्षकाने जवळजवळ पाहिलेलेच नव्हते. नाझकडे हीच सोय नव्हती.

‘मूंड्राम पिरै’ जवळून

बालू महेंद्र यांच्या ‘मूंड्राम पिरै’मध्ये (१९८२, हिंदीत ‘सदमा’, १९८३) अपघातानंतर स्मृती गमावून मनाने लहान मूल झालेली तरुणी श्रीदेवीने केली. बालकलाकार राहिलेल्या नटीसाठी ही सर्वांत अवघड परीक्षा. पाचव्या वर्षी जे करून टाळ्या मिळाल्या होत्या, ते सगळे हाताशी तयार असते : मान तिरकी करणे, डोळे मोठे करणे, ओठ पुढे काढणे. तेच पुन्हा केले तर भूमिका गोडगोड नकलेत जाते.

पडद्यावर नीट पाहिले तर तिने चेहऱ्यापेक्षा वजनावर काम केलेले दिसते. मूल जसे आपले वजन सावरत नाही, बसताना टेकते ते एकदम, पळताना खांदे पुढे जातात आणि पाय मागून येतात, तसे तिचे चालणे-बसणे आहे. कुत्र्याच्या पिल्लाशी बोलताना ती प्रेक्षकाला दाखवण्यासाठी बोलत नाही, तिचे सारे लक्ष पिल्लावरच असते. आपण किती गोड दिसतो याकडे मुलाचे लक्ष नसते, हे तिने बरोबर पकडले.

आणि मग शेवट. ती बरी झाली आहे, गाडीत बसली आहे. फलाटावर चिखलाने माखलेला कमल हासन माकडचेष्टा करून तिला ओळख द्यायचा प्रयत्न करतो आहे, आणि ती त्याला कोणी वेडा भिकारी समजते. त्या शॉटमध्ये तिने काहीच ‘केलेले’ नाही. खांदे सरळ, मान स्थिर, नजर क्षणभर त्याच्यावर थांबून बाजूला वळते. मेकअप तोच, वय तेच. दोन तास पाहिलेले मूल त्या एका वळलेल्या नजरेने नाहीसे होते. या भूमिकेसाठी तिला तामिळनाडू राज्याचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. समोर कमल हासन होता, म्हणजे त्या फलाटावर आणि गाडीत दोघेही एकेकाळचे बालकलाकार.

आवाज

प्रौढ भूमिकेत जाताना चेहऱ्याइतकाच आवाज आड येतो. श्रीदेवीचा स्वतःचा आवाज बारीक, कोवळा, शिवाय हिंदीचे उच्चार कच्चे. सुरुवातीच्या अनेक हिंदी चित्रपटांत तिला दुसऱ्यांचा आवाज दिला गेला, आणि त्यातला बराचसा नाझचा होता. ‘बूट पॉलिश’ची बेबी नाझ. जिला मोठेपणी नायिकेची जागा मिळाली नाही, तिच्या आवाजात दुसरी एक बालकलाकार हिंदीची नायिका झाली. ‘आखरी रास्ता’साठी (१९८६) रेखाने आवाज दिला, आणि रेखाही लहानपणी तेलुगूत ‘रंगुल रत्नम्’मध्ये (१९६६) दिसली होती.

स्वतःच्या आवाजात श्रीदेवी पूर्णपणे बोलली ती ‘चांदनी’मध्ये (१९८९). ‘हिम्मतवाला’पासून सहा वर्षांनी. तोपर्यंत ती आघाडीची नायिका होऊन बसली होती, त्यामुळे कोवळा आवाज आता उणीव न राहता तिची ओळख झाला. क्रम उलटा असता, म्हणजे १९८३ मध्येच तो आवाज ऐकू आला असता, तर ‘लहान मुलगी’ हा शिक्का बसण्याची भीती खरी होती.

तेराव्या वर्षाचा हिशेब

आता दुसरी बाजू. ‘मूंड्रु मुडिच्चु’त सावत्र आई करणारी मुलगी आजच्या हिशेबाने आठवी-नववीतली. शाळा-कॉलेजचे दिवस आपल्याला मिळाले नाहीत, असे श्रीदेवीने पुढे मुलाखतींत सांगितले आहे. तेरा ते सोळा या वयात तिने प्रौढ स्त्रियांची दुःखे, लग्ने, फसवणुका उभ्या केल्या, त्या अनुभवाच्या जोरावर नव्हे तर दिग्दर्शकाचे ऐकून हुबेहूब करण्याच्या जोरावर. बालकलाकाराला मोठ्यांचे ऐकायची सवय असते. ही सवय कॅमेऱ्यासमोर गुण ठरते, आणि करार, पैसा, नको असलेले दृश्य नाकारणे या बाबतीत मोठी कमजोरी.

सोळाव्या वर्षी साठीकडे झुकलेल्या नायकाची प्रेयसी करणे त्या काळी कोणाला खटकले नाही. आज ते खटकायला हवे. म्हणून हा मार्ग जसाच्या तसा गिरवू नये. त्यातले साधन घ्यावे आणि वय मागे ढकलावे.

आज हेच करायचे असेल तर

आधी कायदा. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांनी १४ वर्षांखालच्या कलाकारांसाठी अटी घातल्या. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, ती सहा महिनेच चालते. दिवसाला ५ तासांहून जास्त काम नाही, सलग ३ तासांनंतर विश्रांती. सलग २७ दिवसांहून जास्त चित्रीकरण नाही. पाच मुलांमागे निदान एक जबाबदार माणूस सेटवर हवा. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत, सज्ञान होईपर्यंत.

गफलत होते ती चौदावा वाढदिवस झाल्यावर. ठेवीची ही सक्ती ‘बालक’ या व्याख्येला जोडलेली आहे. श्रीदेवीची मयिल पडद्यावर आली ते नेमके वय ओलांडल्यावर अट सुटते, आणि मोठी रक्कम यायला सुरुवात होते तीही याच सुमारास. पालकांनी करारातच कलम घालावे की १८ पूर्ण होईपर्यंत तेच २० टक्के, जमल्यास ३० किंवा ४०, त्याच ठेवीत जातील आणि निर्माता ते थेट बँकेत भरेल. घरात हातात आलेला पैसा घरातच विरतो.

करही समजून घ्यावा. आयकर कायद्याप्रमाणे अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या मुलाचे उत्पन्न एरवी पालकाच्या उत्पन्नात धरतात, पण स्वतःच्या कौशल्यातून मिळालेली कमाई त्याला अपवाद आहे, ती मुलाच्याच नावे करपात्र ठरते. ठेवीवरचे व्याज मात्र पालकाच्या उत्पन्नात धरले जाते. या दोन रकमांची सरमिसळ केली की पुढे नोटिसा येतात, म्हणून मानधनाचे खाते पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावे.

कामाच्या बाजूने, अकराव्या-बाराव्या वर्षी मुद्दाम थांबलेले बरे. कमल हासनने सक्तीने घेतलेली रजा मुलीने स्वेच्छेने घ्यावी : दोन-तीन वर्षे शाळा, एक नृत्यप्रकार, आवाजाचे शिक्षण, आणि एक जास्तीची भाषा, नुसती पाठ न करता बोलता येईल इतकी. या काळात रील आणि जाहिरातींतून चेहरा सतत समोर राहिला, तर थांबण्याचा उपयोग होत नाही, कारण प्रेक्षकाने विसरायला हवे तेच त्याला रोज दिसत राहते. नाव गाजलेल्या मालिकेतले असेल, तर परत येताना वेगळी भाषा किंवा वेगळे माध्यम घ्यावे. मालिकेकडून नाटकाकडे जाणे हा आपल्याकडचा जुना आणि चांगला रस्ता आहे. रंगमंचावर क्लोज-अप नसतो, प्रेक्षक पंधराव्या रांगेतून आवाज आणि उभे राहणे पाहतो, आणि ‘तीच ती चिमुरडी’ ही आठवण तिथे फारशी टिकत नाही.

पहिली मोठी भूमिका निवडताना पटकथा वाचून पालकांनी एकच गोष्ट तपासावी : ही मुलगी मोठी आहे हे प्रेक्षकाला कशावरून कळणार? उत्तर ‘कपड्यांवरून’ किंवा ‘एका दृश्यावरून’ असे येत असेल, तर नकार द्यावा. तिच्या नोकरीवरून, तिच्यावर अवलंबून असलेल्या माणसांवरून, तिने घेतलेल्या एखाद्या चुकीच्या निर्णयावरून कळत असेल, तर लूक टेस्टला जावे. भूमिकेचे वय खऱ्या वयाच्या दोन वर्षे वर, त्याहून जास्त नको. मयिलला जमले ते यामुळे. आणि बहिणीची भूमिका आली तर ती एकदाच करावी, लागोपाठ दुसरी घेऊ नये.

अठरावा वाढदिवस हा कागदपत्रांचा दिवस आहे. अज्ञान असताना केलेला करार भारतीय कायद्यात मुळातच रद्दबातल असतो आणि सज्ञान झाल्यावर त्याला मागाहून मान्यता देता येत नाही. त्यामुळे चालू मालिका असो की एजन्सी, वडिलांच्या सहीचे जुने करार पुढे रेटू नयेत. प्रत्येक करार नव्याने, अटी वाचून, तिच्या सहीने व्हावा. ठेवीची पावती तिच्या हाती द्यावी. पॅनकार्डही बदलून घ्यावे, कारण अज्ञानाच्या पॅनकार्डावर फोटो नसतो आणि सहीही नसते.